न शिकवलेलं उत्तर

परदेशातून आलेल्यांना सरकारी दवाखाना बंद, असा नवा कायदा झाला आणि त्याच आठवड्यात नेपाळहून कुपवाडला आलेल्या मनमायाची लेक तापानं फणफणली.

शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, "माजी नात म्हणून नेते. तू लांबच थांब." वाटेत त्यांनी पोरीकडून घोकून घेतलं, "नाव अपेक्षा. गाव आटपाडी. देव बिरोबा. कुणी इचारलं तर अडायचं न्हाई, व्हय का?"

मनमाया दवाखान्याच्या दारात परक्या बाईसारखी उभी राहिली.

नर्सनं ना गाव विचारलं, ना देव. सुई भरता भरता ती सहज म्हणाली, "आई कुठाय गं तुझी?"

सुलाबाईंकडून एवढंच शिकवायचं राहिलं होतं.

पोरीनं एकदा दाराकडं पाहिलं, मग मान खाली घातली.

"मला आई न्हाई."