एका ओळीने लांब

सौदीतल्या अल मलाझ भागातल्या इंग्रजी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर दौलतचा आज शेवटचा दिवस होता. परदेशी माणसांच्या नोकऱ्या स्थानिकांना देण्याच्या सौदीकरणात त्याची खुर्ची रय्यानला मिळाली होती आणि रय्यानला काम शिकवलं होतं दौलतनेच. डेस्कवर बसणाऱ्यांचं नाव पेपरात कधी येत नाही. पण दुपारी संपादक म्हणाले होते, "इतकी वर्षं काढलीस. आज तक्त्याखाली तुझं नाव टाक."

तक्ता अमेरिकेतल्या एका जुन्या बेसबॉल संघाचा होता. कुणी किती डाव चेंडू टाकले, किती गडी बाद केले, असा. खेळाडू काळे होते म्हणून त्यांचे सामने अधिकृत आकडेवारीत धरलेच नव्हते. ते आता धरले गेले होते. त्यातलं कुणी हयात नव्हतं.

पान लावताना तक्ता एका ओळीने लांब झाला.

"हा ब्राउन काढा ना, दौलतभाई," रय्यान म्हणाला. "याचं तर पहिलं नावही कुणाला ठाऊक नाही. दोनच डाव टाकलेत, तेही मार खाऊन."

"टाकलेत ना?"

दौलतने एक ओळ पुसली आणि पान छपाईला सोडलं. रय्यानने स्क्रीनवर पाहिलं. ब्राउन जागेवर होता.

"भाई, तुमचं नाव?"

"मावत नव्हतं."

दौलत उठला. खुर्ची त्याने रय्यानकडे सरकवली.

"यल्ला, ये. पुढचं पान तुझं."