सुखाचा अंतरा

नवव्या दिवशीही अंतरा कोराच होता. चाल तयार, ध्रुवपद तयार, काचेपलीकडे गायिका कानांवर हेडफोन चढवून तयार. काचेअलीकडे गीतकार बाई एकेक ओळ लिहायची आणि तिच्यावर काट मारायची.

"विरहाचं गाणं माग, जेवायच्या सुट्टीआधी हातात देते," ती संगीतकाराला म्हणाली. वीस वर्षं दोघं एकत्र काम करत होती. "नवरा सोडून गेला, बोट बुडाली, हवं ते माग."

"बोट नको. गाण्यातली बाई आनंदात आहे, एवढंच हवंय."

"कशाने आनंदात?"

"ते तू ठरव."

फुलं झाली होती, पाखरं झाली होती, आभाळ तर तीनदा काटून झालं होतं. ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, "अरे, दुःखात माणूस एका जागी बसतो, म्हणून त्याला सगळं दिसतं. रिकामी खुंटी, कान तुटलेला कप, सगळं. मला फक्त उतरवून घ्यायचं असतं. सुखात माणूस घाईत असतो. तो बघतच नाही कुठे."

"मग त्याच्यासाठी तू बघ," संगीतकार म्हणाला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादाचा. बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून दादाचा भरदिवसा फोन आला की तिला आधी वाईटच सुचायचं. आठ महिने बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

तिने फोन कानाला लावला. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "दादा, बोल ना रे."

"बाबा बोलले."

"काय?"

"मी सूप भरवत होतो. माझा हात ढकलला आणि म्हणाले, मीठ कमी आहे."

"कोण म्हणालं?"

"बाबा गं! तिन्ही शब्द, स्वच्छ! वर माझ्याकडे रागाने बघितलं!"

मग साठीचा भाऊ आणि पन्नाशीची बहीण फोनवर खुळ्यासारखी हसत सुटली. संगीतकार बघतच राहिला. तिने फोन ठेवला, वही ओढली आणि उभ्या उभ्या दोन ओळी खरडून पान त्याच्यापुढे सरकवलं.

मीठ कमी आहे म्हणालास तू,
आणि घरच भरून आलं.

"गाण्यात मीठ?"

"हो."

"मीटरमध्ये बसत नाही."

"बसव की! संगीतकार कशाला झालास? बाकीच्या ओळी उद्या देते. आज मला वेळ नाही."

त्याने तोंड वाकडं करत पेटीवर ओळ धरून पाहिली. मग पुन्हा एकदा, जरा सावकाश. तिसऱ्यांदा वाजवताना त्याने वर बघितलं नाही. पान काचेपलीकडे गेलं. गायिकेने वाचलं आणि माइकमध्ये विचारलं, "ताई, हे कसं गाऊ? हसून की डोळ्यांत पाणी आणून?"

बाईची पिशवी एव्हाना खांद्यावर होती. तिने बोलायचं बटण दाबलं. "दोन्ही नको. पळत जाऊन शेजारणीला बातमी सांगतेस ना, तशी गा. दम लागलेला असू दे."

लिफ्ट वर यायची वाट न बघता ती जिन्याने उतरली.

घरी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. दादा शेजारी उकिडवा बसला होता. फोन ठेवल्यापासून त्याने बाबांना शंभर प्रश्न विचारले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. ती चपला काढायचंही विसरली आणि तशीच त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

बाबांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"उशीर," ते म्हणाले.

"झालं सुरू!" दादा ओरडला आणि शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

पिशवीत फोन वाजू लागला. संगीतकारच असणार, दुसरं कोण. तिने हात आत घालून तो बंद केला, मग बाबांच्या पायाशी फरशीवर बसली आणि विचारलं, "किती उशीर, बाबा?"

आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.