बंद पाकीट

"तोंड त्या भोकात घाला," फिजिओबाई म्हणाल्या.

साबणरावाने भोकाकडे पाहिलं. पालथं झोपल्यावर श्वास घेता यावा म्हणून पलंगाच्या डोक्याशी ठेवलेलं ते गोल भोक. भोवतीचं रेक्झिन घामाने चिकट झालं होतं. शिवणीत एक लांब पांढरा केस अडकला होता. आत्ता बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला टक्कल होतं. म्हणजे केस त्याच्याही आधीच्या कुणाचा तरी.

"यावर काही घालत नाही का?"

"घालते की." बाईंनी टिश्यूचा कागद पसरला. तो लगेच ओला होऊन चिकटला.

साबणराव हे त्याचं खरं नाव नव्हे, मेहुण्याने ठेवलेलं. कामावरून आला की तो कोपरापर्यंत हात घासायचा, मग अंघोळ, आणि मगच आपल्या लहान मुलीला हात लावायचा. अलीकडे अंघोळ करूनही तिला उचलता येत नव्हतं. मानेपासून खांद्यापर्यंत दगड भरल्यासारखं झालं होतं. मुलगी दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि हा खाली बसून तिची समजूत काढायचा. काल तिने हात वर केलेच नाहीत. बापाला बघून ती आईकडे गेली.

म्हणून तो आज इथे आला होता. पत्ता मेहुण्याने दिला. मेहुण्याची गाडी शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या मागच्या दाराला लागायची, त्यामुळे कुठे कोण चांगलं हे त्याला ठाऊक असायचं.

बाईंनी खांद्यावर अंगठा रोवला. साबणराव कळवळला.

"बाप रे, सुपारी झालीय आत. काम काय करता?"

"पॅकिंग."

"कसलं?"

"बारीकसारीक वस्तूंचं. धुवायचं, वाळवायचं, पाकिटात भरायचं, सील मारायचं."

"मग उजवा खांदाच का धरलाय एवढा?"

"सील मारायच्या मशीनची पट्टी उजवीकडे वाकलीय. तिथे दाब बसत नाही. कितीही दाबा, सीलच्या कोपऱ्यात पंख्यासारख्या तीन रेघा उमटतात. मग कोपराने जोर द्यायचा. नवी पट्टी आण म्हटलं, तर मेहुणा म्हणतो, चिकटतंय ना? मग रेघा काय कुणाच्या बापाला दिसणारेत?"

बाई हसल्या. "पाठवा त्याला माझ्याकडे. चांगली जाडी सुई काढून ठेवते."

साबणरावाने श्वास रोखून तोंड भोकात घातलं. पण श्वास किती वेळ रोखणार? पहिल्याच श्वासाला शिळं तेल आणि परक्या माणसाच्या तोंडाचा वास एकदम आत आला. खाली फरशीवर कापसाचा बोळा पडला होता, मधोमध तपकिरी ठिपका. शेजारी टाचेची सुटलेली वाळकी साल. तिच्याभोवती मुंग्या जमल्या होत्या. त्याने तोंड भोकातून वर काढलं.

"तो लाल डबा कसला?" दुसरीकडे बघायचं म्हणून त्याने विचारलं.

"वापरलेल्या सुयांचा. भरला की गाडी येते आणि जाळायला घेऊन जाते."

साबणरावाने डब्यावरूनही नजर काढून घेतली.

"हे बघा, घाबरायचं नाही. ही कोरडी सुई, आत औषधबिवषध नसतं. सरळ गाठीत घालायची. गाठ सापडली की स्नायू माशासारखा फडफडतो, आणि मग सैल पडतो. संध्याकाळी दुखेल थोडं. उद्या मुलीला खांद्यावर घेऊन फिरा."

खांद्यावर स्पिरिटचा गार बोळा फिरला.

"थांबा!" साबणराव उठून बसला. मानेतून कळ गेली, पण त्याने पर्वा केली नाही. "पाकीट फाडल्याचा आवाज आला नाही."

"अहो, हे दहा सुयांचं पाकीट आहे, कंपनीचं. आज सकाळीच फोडलंय. ही आतली नवी कोरीच आहे."

"फोडलेलं नको. माझ्यासमोर फोडा."

"तुमचा विश्वास नाही का माझ्यावर?"

"सुईच्या बाबतीत कुणावरच नाही," साबणराव म्हणाला. "कुणाच्या अंगातून आली असेल, सांगता येतं का? नुसतं धुतल्याने काही जात नाही. घरी लहान मूल आहे माझ्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या चिडल्या नाहीत. "तुमच्यासारखे पेशंट असले की आम्हालाच शिस्त लागते. बरं, एकेक सुईची बंद पाकिटं आहेत आतल्या कपाटात. परवाच एक जण देऊन गेला. हात लावलेला नाही अजून."

"तीच द्या."

"चला, पालथे व्हा. तुमच्या कानाशी फाडते, मग तर झालं?"

त्याने पुन्हा तोंड भोकात घातलं. आता तो वासही थोडा सोसवला. बाईंची पावलं आत गेली, कपाट करकरलं, पावलं परत आली. मग उजव्या कानाशी कागद फाटला. ठसठशीत, कोरडा आवाज. साबणरावाने खांदा सैल सोडला.

सुई टोचल्याचं कळलंही नाही. ती खोल गेली, जरा मागे आली, पुन्हा खोल गेली. एकाएकी खांद्यातला मांसाचा गोळा आपणहून उडाला. एकदा, दोनदा. आणि कितीतरी दिवसांनी दगड हलला.

"सापडली!" बाई खूश झाल्या. "आता अजिबात हलायचं नाही. थोडा वेळ राहू दे आत."

त्यांच्या हातातून निसटलेला पाकिटाचा तुकडा गिरक्या घेत खाली आला आणि भोकाच्या बरोबर खाली, कापसाच्या बोळ्याशेजारी पडला.

सीलच्या उजव्या कोपऱ्यात पंख्यासारख्या तीन रेघा होत्या.