भोंग्याची खास सोय

मुलांनो, कल्पना करा, गावात कॉलऱ्याची साथ आलीय. "विहिरीचं पाणी पिऊ नका!" असं ओरडत सरकारी जीप फिरतेय. बहिऱ्या माणसांचाही विचार झालाय बरं का. त्यांच्यासाठी भोंग्याचा आवाज खास दुप्पट केलाय.

जाईची बहिरी आई मात्र जीपकडे पाठ करून विहिरीवर घागर भरत होती.

"काय गं पोरी, तुझी आई ऐकत का नाही?" जीपमधले साहेब खेकसले.

"तिला ऐकूच येत नाही, साहेब."

"मग? आणखी वाढवू आवाज?"

जाई आईपुढे धावली. तिने विहिरीकडे बोट केलं, ओंजळ तोंडाला लावली, पोट धरलं आणि धाडकन आडवी पडली. आईने घाबरून घागर ओतून दिली.

जाई उठली, फ्रॉक झटकला आणि पलीकडच्या बहिऱ्या आजोबांसमोर पडायला पळाली.