बाराचा आकडा

नावाड्याच्या आईनं चहाचं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मोजणीवाल्यानं नुसती मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं, आणि तेवढी तयारी अजून व्हायची होती.

पुराला आज वर्ष झालं होतं. या वर्षात तो या घरी वीसेक वेळा तरी आला असेल. कधी तिची औषधं घेऊन, कधी छपराचे पत्रे ठोकायला. कचेरीतला असूनही माणुसकीचा आहे हो, असं वस्तीतले लोक म्हणायचे आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याचं काम तसं सोपं. वस्तीच्या पलीकडे, नदीच्या वळणामागे चाळीस पायऱ्या पाण्यात उतरतात. खालच्या खांबावर आकडे रंगवलेले आहेत. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि तिथूनच कचेरीला फोन करायचा. कचेरी तो आकडा वस्तीतल्या भोंग्यावरून सांगते. एरवी दिवसातून एकदा, पुराच्या दिवसांत दर तासाला. नावाडी येताजाता नावेतून त्याची थट्टा करायचा, नदी वाढली की तुम्हीच खचलात, म्हणून.

पुराच्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत तो इमानेइतबारे उतरला. मग गुडघा कुरकुरायला लागला. अंगावर कोरडा धागा नव्हता, आणि घरी बायकोनं गरम ताट वाढलं होतं. पाणी तासाला वीतभर चढत होतं, हे गणित त्याला काही नवीन नव्हतं. बाराचा आकडा त्यानं जेवता जेवता अंदाजपंचे कळवून टाकला. नदीनं नेमकी त्याच तासाला पुरुषभर उसळी घेतली.

सगळ्या वस्तीत माणूस एकच गेला, नावाडी. नाव सोडवायला मागे फिरला असणार, असं कागदोपत्री नोंदलं गेलं. खरा आकडा कळला असता तर तो वेळेत निघाला असता, हे मात्र कुठल्या कागदावर नव्हतं. ते एकट्या मोजणीवाल्याला माहीत होतं.

चहा आला. दाराबाहेर नाव पालथी घातली होती. आता ती म्हातारीचा जावई चालवायचा, त्यानं तिला नुकतंच डांबर फासलं होतं. मोजणीवाल्यानं तिच्याकडे पाठ करून कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“मावशी, त्या दिवशीचा बाराचा आकडा चुकीचा होता. मी चुकीचा सांगितला.”

जेवणाचं ताट तेवढं ओठांवर आलं नाही. ते पुढच्या वाक्यात सांगू, असं त्यानं स्वतःला बजावलं.

म्हातारी रडली नाही की रागावली नाही. चुकीचा होता ते आम्हाला तेव्हाच कळलं, म्हणाली. पण ऐकला तो टेकडीवरून. नदीत झाडं वाहत यायला लागली तेव्हाच, सकाळी, तिच्या मुलानं घरोघर फिरून सगळ्यांना वर काढलं होतं. भोंगा ऐकून निघायचं म्हटलं असतं तर ही वस्ती केव्हाच वाहून गेली असती, असंही तिनं सांगितलं.

मोजणीवाल्यानं वर्षात पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. म्हणजे त्या आकड्यावर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. आपल्याला एवढं हलकं वाटतंय याची त्याला लाज वाटली, पण हलकं वाटलं हे खरं. त्यानं चहा एका दमात संपवला. ताटाचं सांगायची आता गरजही नव्हती.

“नावेपायी त्यानं परत खाली जायला नको होतं,” तो हळहळून म्हणाला.

“नाव तर त्यानं सकाळीच वर ओढली होती.” म्हातारीनं त्याच्या हातातला रिकामा कप घेतला. “हे मी कुणाला बोलले नाही, तुमच्या जिवाला उगाच घोर नको म्हणून. वाटेत तुमची चुकामूक झाली, त्यात तुमचा काय दोष? भोंग्यावर बाराचा आकडा आला आणि तो म्हणाला, आई, आकडा आला म्हणजे एवढ्या पाण्यात तो माणूस अजून पायऱ्यांवर उभा आहे. आणि दोर घेऊन तुम्हाला आणायला गेला.”