टीव्हीत आलेली गाय

शेतीच्या कार्यक्रमात आमची गाय दिसणार म्हणून सगळं घर टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलं होतं. चित्रीकरण महिन्याभरापूर्वीचं. गाय मात्र नेमकी आजच, तासाभरापूर्वी व्यायली. आनंदाला नुसतं उधाण आलं होतं.

पडद्यावर बाबा आले.

"पोट बघा केवढं सुटलंय," आई म्हणाली.

"टीव्हीत जाडच दिसतं माणूस," बाबा खुर्चीतून गुरगुरले. हशा पिकला.

मग गाय दिसली. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं वासरू तिला लुचत होतं.

"अगंबाई, हे तर आपलंच!" काकूने टाळ्या पिटल्या. पिटता पिटता तिचे हात थांबले. महिन्यापूर्वी वासरू होतंच कुठे?

पडद्यावरचे बाबा खुशीत सांगत होते, "दोन्ही वासरं अगदी ठणठणीत आहेत बघा."

कॅमेरा सरकला. गाईच्या पलीकडे आणखी एक वासरू धडपडत उभं राहत होतं. काळंभोर, अजून ओलं.

तेवढ्यात आमच्या गोठ्यातून गाय हंबरली, मघाशी व्यायच्या आधी हंबरली होती तश्शीच.

कोणीच हललं नाही.

"अरे, नुसते बघत काय बसलात? गरम पाणी आणा!" बाबा आनंदाने ओरडले.

खुर्चीतल्या बाबांचं तोंड मिटलेलंच होतं.