लालसर शीत

"आजोबा, ऐका. बोअर झालं तर सांगा," तेजल म्हणाली. कॉलेजात तिला नेदरलँड्सवर बोलायचं होतं.

धर्मराज ताटावर बसला होता. सून नूतन त्याच्यासाठी भाकरी थापत होती.

तेजल वाचू लागली. चारशे वर्षांपूर्वी त्या देशात प्रोटेस्टंटांचं राज्य आलं. कॅथलिकांना उघड प्रार्थना करायला बंदी झाली. मग त्यांनी राहत्या घरांच्या माळ्यांवर चर्च केली. खाली संसार, वर देव.

"सरकारला कळलं नाही?"

"कळलं की. बाहेरून चर्च दिसायला नको, एवढंच. बाकी माहीत असूनही बघायचं नाही."

"शहाणे होते."

"कोण? लपवणारे?"

"न बघणारे," धर्मराज म्हणाला.

नूतनचे हात पिठावर थांबले. मग पुन्हा चालू लागले.

मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथात गेल्यावर धर्मराजने घरातले देव उल्हास नदीत सोडले होते. त्या दिवशी एक टाक कमी होता, राजाबाईच्या माहेरच्या देवीचा. तो कुठे गेला, हे त्याने बायकोला विचारलं नाही. पण दर मंगळवारी भातात एखादं शीत कुंकवाने लालसर झालेलं निघायचं. तांदळाच्या डब्यातली देवी त्याने कधी पाहिली नाही. शीत मात्र तीस वर्षं मुकाट खाल्लं.

राजाबाईला जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून भात पांढराच येत होता. दिवसांच्या जेवणाला पाहुण्यांनी तो डबा उपसला होता. देवी आहे की कुणी भंगारात दिली, हे त्याला रोज विचारावंसं वाटे. पण विचारायचं, तर आपल्याला सगळं माहीत होतं हे सांगावं लागलं असतं. ते त्याने राजाबाईलाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी नूतनने भात वाढला आणि घाईने ओट्याकडे वळली.

धर्मराजने भात कालवायला हात घातला. ढिगाच्या कडेला एक लालसर शीत होतं.

"काय झालं आजोबा? खडा आहे का?" तेजलने विचारलं.

"नाही गं."

नूतन पाठमोरी उभी होती. तिच्या हातातला डाव हलत नव्हता.

धर्मराजने ते शीत उचलून तोंडात घातलं. सावकाश चावलं. मग वर न बघता ताट पुढे केलं.

"नूतन, भात वाढ आणखी."